पहिली फेरीच हातात नाही, मग पॅकर्सच्या दुसऱ्या फेरीचा अंदाज कसा बांधायचा?

नवी_यादी

मायका पार्सन्सला आणताना एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्सनी आपला खेळाडू केनी क्लार्क आणि त्यासोबत २०२६, २०२७ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी डॅलसला देऊन टाकल्या. म्हणजे प्लेऑफ गाठलेल्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या कार्यक्रमात, या संघाचा नंबर पहिल्यांदा लागणार तो ५१वा किंवा त्याच्याही पुढचा. पहिल्या दहा-पंधरा निवडींचे अंदाज कुठेही मिळतात, पन्नाशीत मात्र कोणीही कोणाचंही नाव लावून मोकळं होतं.

आमच्या अंदाज-स्पर्धेत संघाच्या पहिल्या तीन निवडी ओळखायच्या आहेत. प्रत्येक निवडीसाठी पाच नावं देता येतात. नाव बरोबर आलं तर ३ गुण, नुसती खेळायची जागा जुळली तर १. संघात कुठे खिंडार आहे ते पाहून नावं भरायची, की मॉक ड्राफ्ट (लोकांनी आधीच मांडलेले ड्राफ्टचे अंदाज) गोळा करून सरासरी काढायची? कशाला किती वजन द्यायचं ते सविस्तर सांगा.

पिवळी_टोपी

खिंडार जरूर बघा, पण यंदाचं नको, पुढच्या वर्षीचं बघा. ड्राफ्टमधून आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्यांना तेवढा पाचव्या वर्षाचा पर्याय असतो, आणि तो उचलायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. ब्रायन गुटेकुन्स्ट २०१८ पासून जनरल मॅनेजर आहेत आणि ते जागा रिकामी व्हायच्या वर्षभर आधी माणूस आणून ठेवतात.

उदाहरणं बघा. २०२४ मध्ये एजरिन कूपर आणि टायरॉन हॉपर असे दोन लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या ओळीतले) घेतले, तेव्हा क्वे वॉकर संघात होता. पुढच्या वर्षी वॉकरचा पाचव्या वर्षाचा पर्याय उचललाच नाही. क्वार्टरबॅकला सांभाळणाऱ्या ओळीत डाव्या टॅकलला रशीद वॉकर खेळत होता, त्याचा करार २०२५च्या हंगामापर्यंत होता. २०२४ला जॉर्डन मॉर्गन आणि २०२५ला अँथनी बेल्टन आले. २०२५ला मॅथ्यू गोल्डन आणि सॅव्हियन विल्यम्स हे दोन रिसीव्हर (पास झेलणारे) आले, तेव्हा ख्रिस्तियन वॉटसन आणि रोमिओ डब्ज दोघांच्याही कराराचं शेवटचं वर्ष सुरू होणार होतं. जॉर्डन लव्हचं तर काय सांगायचं! त्याला २०२० मध्ये घेतलं आणि तो नियमित क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) झाला २०२३ मध्ये.

म्हणून पहिलं काम हे करा. ओव्हर द कॅपसारख्या, करारांची माहिती देणाऱ्या साइटवरून सगळ्या खेळाडूंचे करार एका शीटमध्ये उतरवा आणि ड्राफ्टनंतरच्या पहिल्याच हंगामानंतर कोणाकोणाचे संपतात ते वेगळे काढा. २०२६च्या ड्राफ्टसाठी त्यात २०२३चा वर्ग येतो: मस्ग्रेव्ह, रीड, क्राफ्ट वगैरे. ज्याचा करार मध्येच वाढवला असेल त्याला खोडा. एका जागेवर दोन नावं उरली की ती जागा तुमच्या यादीत वर घ्या.

मार्चमध्ये बाहेरून कोणी आणला म्हणून जागा भरली असं मात्र धरू नका. २०२४ मध्ये झेव्हियर मॅकिनीसारखा मोठा सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) करारबद्ध केला आणि तरीही ड्राफ्टमध्ये बुलार्ड, एव्हन विल्यम्स आणि ओलाडापो असे तीन सेफ्टी घेतले. त्या वर्षी जेफ हॅफली नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून आला होता आणि बचाव ३-४ (पुढे तीन, मागे चार लाइनबॅकर) वरून ४-३ वर जात होता. अकरापैकी पाच निवडी लाइनबॅकर आणि सेफ्टी यांवरच गेल्या. कोऑर्डिनेटर बदलला की सगळ्या जागांची गरज नव्याने मोजावी लागते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचा गाभा. २०१८ ते २०२५ या काळातल्या पहिल्या फेरीच्या दहा निवडी मांडा: अलेक्झांडर, गॅरी, सॅव्हेज, लव्ह, स्टोक्स, क्वे वॉकर, वायट, व्हॅन नेस, मॉर्गन, गोल्डन. दहापैकी सात बचावाचे. दुसऱ्या फेरीच्याही दहाच: जॉश जॅक्सन, जेन्किन्स, डिलन, मायर्स, वॉटसन, मस्ग्रेव्ह, रीड, कूपर, बुलार्ड, बेल्टन. इथे दहापैकी सात आक्रमणाचे! दुसऱ्या फेरीत एकही एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चाल करणारा) नाही, एकही डिफेन्सिव्ह टॅकल नाही. एज रशर हवा असेल तर हा संघ तो एक तर पहिल्या फेरीत घेतो, नाहीतर थेट चौथ्यात किंवा त्याच्याही नंतर. एनाग्बारे, सोरेल, ऑलिव्हर असेच आले. टाइट एंड (अडवणाराही आणि पास झेलणाराही) तिसऱ्या फेरीत तीनदा आला: स्टर्नबर्गर, डिग्वारा, क्राफ्ट.

जागा जुळल्याचा गुण मिळतोय, त्यामुळे तुमच्या स्पर्धेत या आकडेवारीचा थेट उपयोग आहे.

आठवा_हिस्सा

जागा ठरल्या की नावं गाळायला मोजमापं लागतात, आणि इथे बहुतेकांची चूक आकडे वाचण्यातच होते. स्काउट उंची चार आकड्यांत लिहितात. पहिला आकडा फूट, पुढचे दोन इंच, शेवटचा इंचाचे आठवे हिस्से. ५१०२ म्हणजे ५ फूट सव्वादहा इंच. जायर अलेक्झांडर एवढाच होता. ६०१५ म्हणजे ६ फूट १ पूर्णांक ५/८ इंच. हे ‘सहा फूट दीड इंच’ असं वाचून चांगले खेळाडू यादीतून उडवलेले दिसतात. कॉलेजच्या संकेतस्थळावरची उंची तर धरूच नका, ती बहुधा फुगवलेली असते. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (एनएफएलच्या सामायिक चाचणीत) किंवा अलाबामातल्या मोबाइल शहरातल्या सीनियर बोल या सामन्याच्या वेळी मोजलेलीच घ्या.

४० यार्डांच्या धावेचंही तेच. कम्बाइनची वेळ आणि कॉलेजच्या प्रो डेची (कॉलेजमध्येच घेतलेल्या चाचणीची) वेळ एकाच रकान्यात लिहू नका. प्रो डेला हातातल्या घड्याळावर मोजतात, वेळ कमी भरते. अशा वेळेत ०.०५ सेकंद मिळवून मगच तुलना करा.

पॅकर्स शारीरिक क्षमतेवर फार भर देतात, म्हणून आरएएस (रिलेटिव्ह अ‍ॅथलेटिक स्कोअर) हा गुणांक शीटमध्ये हवाच. त्यात १९८७ पासूनच्या त्याच जागेच्या खेळाडूंशी तुलना करून ० ते १० गुण देतात. वॉटसन ६ फूट ४ इंच, २०८ पौंड आणि ४.३६ सेकंद, असा माणूस त्यात दहाच्या अगदी जवळ जातो. ८च्या खालच्यांना मी यादीत खाली ढकलेन, पण काढून टाकणार नाही. गोल्डन ४.२९ सेकंदांत धावला खरा, पण वजन १९१ पौंड. रीड १८७ पौंडांचा. ‘हा संघ भरभक्कम रिसीव्हरच घेतो’ या नियमाला दोघांनीही धक्का दिलाय.

लाइनमनसाठी एक खूण चांगली चालते: कॉलेजच्या शेवटच्या हंगामात डावा टॅकल खेळलेला असावा. झॅक टॉम, शॉन रायन, रशीद वॉकर, मॉर्गन, बेल्टन, सगळे तसेच. पुढे त्यांना गार्ड करतात, उजवीकडे नेतात, ते निराळं. जेन्किन्स आणि मायर्स मात्र सेंटर होते.

वयाचा निकष सैल ठेवा. पहिल्या फेरीतले बहुतेक २१-२२ वर्षांचे, पण वायट २४चा होता. दुसऱ्या फेरीत सीनियर बोल गाजवलेले चालतात. वॉटसन, मस्ग्रेव्ह, रीड तिघेही तिथे खेळलेले.

नवी_यादी

दोघांचेही आभार, करारांची शीट लगेच करायला घेतो. दोन शंका आहेत. पहिली फेरी नसताना दुसरी फेरीच ‘पहिली’ होते का, म्हणजे बचावाकडे झुकते का? आणि संघाने जागा अदलाबदल केली तर, समजा, ५२वी निवड धरून केलेली सगळी मेहनत पाण्यात जाईल, त्याचं काय?

पिवळी_टोपी

गुटेकुन्स्टच्या काळात २०२५ पर्यंत दरवर्षी पहिल्या फेरीत किमान एक निवड होतीच, त्यामुळे थेट दाखला नाही. त्यांच्या आधीचे जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन असताना दोनदा संघाने पहिल्या फेरीतून स्वतःहून खाली येणं पसंत केलं. २००८ला ३६व्या क्रमांकावर जॉर्डी नेल्सन, रिसीव्हर. २०१७ला ३३व्यावर केव्हिन किंग, कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा). एक इकडे, एक तिकडे.

माझं मत असं की बचाव पहिल्या फेरीत येतो त्याला कारण आहे. २७० पौंडांचा आणि ४.५८ सेकंदांत धावणारा व्हॅन नेस किंवा गॅरी पन्नाशीपर्यंत शिल्लक राहतच नाही. तो साठा पहिल्या फेरीतच संपतो. रिसीव्हर, टाइट एंड, गार्ड यांचा साठा खोल असतो. म्हणून फेरी हुकली तरी पन्नाशीतला झुकाव फार बदलेल असं मला वाटत नाही. पाच नावांत तीन आक्रमणाची आणि दोन बचावाची ठेवा, आणि बचावात कॉर्नरबॅक आधी.

हिशेबनीस

अदलाबदलीचं सांगतो. डॅलसचे माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचा तक्ता जुना असला तरी अजून सगळ्यांच्या जिभेवर आहे, त्यात प्रत्येक निवडीला गुण आहेत. १लीला ३०००, १६वीला १०००, ३२वीला ५९०, ५०वीला ४००. दोन्ही बाजूंची बेरीज जुळते का बघायचं.

गुटेकुन्स्ट पहिल्या फेरीत वर चढतात. २०१९ मध्ये सॅव्हेजसाठी ३०, ११४ आणि ११८ दिल्या: ६२० + ६६ + ५८ = ७४४. मिळाली २१वी, ८०० गुणांची. २०२०ला लव्हसाठी ३०वी आणि १३६वी: ६२० + ३८ = ६५८, मिळाली २६वी, ७०० गुणांची. दोन्ही वेळा तक्त्यापेक्षा स्वस्तात.

दुसऱ्या फेरीत मात्र ते खाली सरकतात, आणि तुमच्यासाठी हेच महत्त्वाचं. २०२३ला ४५वरून ४८, मग ४८वरून ५०, आणि वाटेत १५९ व १७९ या निवडी पदरात पाडल्या. २०२४ला ४१वरून ४५वर येऊन १६८ आणि १९० घेतल्या. ४१चे ४९०, ४५चे ४५०, फरक ४०. १६८चे २४.२ आणि १९०चे १५.४, बेरीज ३९.६. इतका चोख हिशेब.

अपवाद वॉटसनचा. २०२२ला ५३ आणि ५९ देऊन ३४वर उडी मारली: ३७० + ३१० = ६८० दिले, ५६० घेतले. १२० गुणांचा तोटा पत्करला, कारण त्या मार्चमध्ये डाव्हॉन्टे अ‍ॅडम्स गेला होता आणि रिसीव्हरचं खिंडार त्याच वर्षीचं होतं. म्हणजे पिवळी_टोपी यांच्या ‘पुढचं वर्ष’ नियमात एवढी दुरुस्ती: पहिल्या दर्जाचा खेळाडू मार्चमध्ये अचानक गेला, तर संघ महाग पडलं तरी वर येतो.

हातात किती निवडी आहेत तेही मोजा. २०२३ला या संघाने १३ खेळाडू घेतले, २०२४ला ११, २०२५ला ८. निवडी कमी असतील तर खाली सरकायची शक्यता वाढते. भरपाईच्या निवडी धरायला विसरू नका. गमावलेले आणि घेतलेले फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) यांच्या वजाबाकीवरून त्या तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी मिळतात, एका संघाला जास्तीत जास्त चार.

तेव्हा नावं ५२व्या क्रमांकाभोवती निवडू नका, पट्टा धरा. अनेक तज्ज्ञांच्या क्रमवाऱ्या एकत्र केलेली यादी घ्या आणि त्यातले ४० ते ७५ क्रमांकाचे खेळाडू काढा. ३६ नावं होतील. करारांवरून जागा, मग मोजमापं, अशा दोन चाळण्या लावल्या की आठ-दहा उरतात. प्रत्येकासमोर टक्के लिहा आणि कोणालाही १० टक्क्यांच्या वर नेऊ नका. पन्नाशीत एका नावावर त्याहून जास्त विश्वास ठेवायला आधार नसतो. मॉक ड्राफ्टची सरासरी काढाल तर त्यात एकच नाव वीस जणांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं असतं, ते वीस पुरावे नव्हेत.

पहाटेचा_चहा

भारतातून यादी भरणाऱ्यांसाठी वेळेचं गणित. पहिली फेरी अमेरिकेत गुरुवारी रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे ५:३०. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे ४:३०. दुसऱ्या फेरीत प्रत्येक संघाला ७ मिनिटं; आधीच्या १९ जणांनी पूर्ण वेळ घेतला तरी घड्याळाच्या हिशेबाने ५२वी निवड ६:४५च्या आत सुरू होते. चौथी ते सातवी फेरी शनिवारी रात्री ९:३०.

स्पर्धेच्या नियमात बसत असेल तर यादी शुक्रवारी रात्री पाठवा. पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक किती गेले ते आधी मोजा. २०२४ला पहिल्या १२ निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले आणि बाकीच्या जागांचे खेळाडू तेवढे खाली घसरले. २०२५ला उलट झालं, शेड्युअर सँडर्स १४४पर्यंत थांबला. एक क्वार्टरबॅक कमी गेला की दुसऱ्या फेरीच्या तोंडाशी असलेला एक खेळाडू तुमच्या पट्ट्यातून वर निघून जातो.

आणि ‘अमुक खेळाडू ग्रीन बेला भेटून आला’ ही बातमी वाचली म्हणून त्याला यादीत वर नेऊ नका. संघाला आपल्या ठिकाणी ३० जणांना बोलावता येतं. बऱ्याचदा दुखापतीचे अहवाल नीट तपासायचे असतात, एखादी शंका फेडायची असते. भेट झालेल्याचे टक्के फार तर दोनाने वाढवा.

नवी_यादी

शीट सुरू केली आहे. रकाने असे: करार कधी संपतो, जागा, चार आकडी उंची, कम्बाइनची वेळ, आरएएस, एकत्रित क्रमवारी, टक्के. प्रो डेची वेळ वेगळ्या रकान्यात ठेवली. तिसऱ्या निवडीसाठी सध्या दोन टाइट एंड धरलेत.

आठवा_हिस्सा

शेवटच्या हंगामात डावा टॅकल होता का, एवढा एक रकाना वाढवा. आणि एप्रिलमध्ये इंडियानापोलिसला दुखापतींची फेरतपासणी होते. त्यानंतर ज्याचा क्रमांक एकत्रित यादीत अचानक पंधरा-वीसने घसरला असेल, त्याचे टक्के निम्मे करा. घसरणीचं कारण तेव्हा छापून येतंच असं नाही.