तरवडाचं बी उगवत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मागच्या उन्हाळ्यात पाइपलाइनसाठी बांधाच्या कडेने जेसीबीने चर मारला आणि नंतर बुजवला, पण वरची माती खाली आणि खालचा मुरूम वर असं झालं, आता तिथे नुसतं गाजरगवत माजलंय. तिथे तरवडाची चार-पाच जुनी झुडपं होती ती पण गेली. मला त्या जागी परत तरवडच हवाय, दुसरं काही सुचवू नका प्लीज. इथलंच झुडूप आहे, मुरमात बिनपाण्याचं तगतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आणि त्या पिवळ्याधमक फुलांवर मोठे काळे भुंगे यायचे, फुलात मध नसतो, नुसता पराग, मग भुंगा फुलाला घट्ट धरून घुंऽऽ करत थरथरतो आणि पराग झडतो. तो आवाज गेल्यापासून बांध मुका झाल्यासारखा वाटतो, खरंच.

तर प्रॉब्लेम असा. दुसरीकडच्या झुडपांच्या वाळलेल्या चपट्या शेंगा आणून बी काढलं, जूनमध्ये पहिल्या पावसानंतर शंभरेक बिया टोकल्या, उगवल्या फक्त सहा. महिन्याने उकरून बघितलं तर बाकीच्या जशाच्या तशा, कुजल्या नाहीत की फुगल्या नाहीत. म्हणजे बी मेलेलं नाही, साल इतकी टणक की पाणीच आत जात नाहीये. मग घरी दहा बिया पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवल्या तर सात उगवल्या! पण अख्ख्या चरासाठी हजारभर बी लागेल, एकेक कुठे घासत बसू? गरम पाण्यात टाकतात हे माहितीये, पण पाणी उकळतं घ्यायचं की जरा निवलेलं, आणि बी किती वेळ ठेवायचं? उकडून गेलं तर सगळी मेहनत वाया. कोणी स्वतः केलं असेल तर नीट सांगा.

दुसरं म्हणजे पिशवीत रोपं करावीत का? याचं सोटमूळ सरळ खोल जातं, पिशवीत ते गुंडाळलं जाईल आणि नंतर झाड तग धरणार नाही अशी भीती वाटते, म्हणून जागेवरच पेरायचा विचार आहे.

आणि हो, त्या उकरलेल्या पट्ट्यात टाकळा पण भरपूर आलाय. खुरपताना गडबड नको म्हणून मी असं ओळखतोय की टाकळ्याच्या एका पानात छोट्या पानांच्या दोन-तीनच जोड्या असतात, तरवडाला आठ-दहा, शिवाय देठाच्या बुडाशी कानासारखी गोल उपपानं. पण रोप अगदी बोटभर असताना हे कळतं का? माझी सहा रोपं वाचलीत ती थोडी मोठी झाल्यावर लक्षात आली म्हणून, त्याआधी गाजरगवताबरोबर किती उपटली गेली असतील देव जाणे.

यंदा पावसाआधी बी तयार ठेवायचंय, तेव्हा जरा लवकर सांगा.