मदत हवी आहे : संदर्भसूचीतले ‘बॉम्बे’ परत कसे आणावे?

खाडीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार.

ठाणे खाडीच्या कांदळवनातील चिंबोऱ्यांवरचा आमचा शोधनिबंध परीक्षकांपर्यंत पोहोचण्याआधीच, केवळ संदर्भांच्या मांडणीवरून, एका जर्नलच्या कार्यालयातून दुसऱ्यांदा परत आला आहे. दुरुस्त प्रत सोमवारपर्यंत पाठवायची आहे. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्रात पीएचडी करते आणि संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. जर्नलला लेखक-वर्ष पद्धत हवी आहे. संदर्भ एकूण ६४ आहेत.

घोटाळा असा झाला, की आमच्या एका ज्येष्ठ सहलेखकांनी शेवटचा हात फिरवताना ‘शहराचे नाव आता मुंबई आहे’ या सद्हेतूने वर्डमध्ये ‘फाइंड-रिप्लेस’ करून सगळीकडच्या ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ केले. फाईल जड होते म्हणून त्याआधी त्यांनी वर्डमधले संदर्भ झोटेरोशी जोडणारा दुवाही तोडला होता. परिणामी ‘जर्नल ऑफ द मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटी’ नावाचे, जगात कुठेही अस्तित्वात नसलेले नियतकालिक आमच्या सूचीत सात वेळा आले आहे. १८८२ सालचे ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’ही ‘मुंबई प्रेसिडेन्सी’चे झाले आहे. मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, हे अजून सांगितलेले नाही.

‘मुंबई’चे उलट ‘बॉम्बे’ करून टाकावे, तर अलीकडच्या अहवालांवर खरोखरच मुंबई छापलेले आहे. दोन आठवड्यांपूर्वीची, दुवा शाबूत असलेली प्रत माझ्याकडे आहे, पण त्यानंतर मजकुरात बरेच बदल झाले आहेत.

याशिवाय तीन शंका आहेत. वन विभागाचा एक अहवाल सूचीत ‘महाराष्ट्र, जी. ओ.’ अशा नावाने उमटतो, जणू काही आडनाव महाराष्ट्र असलेले कोणी गृहस्थच. दुसरी शंका म्हणजे, चिंबोरीचे शास्त्रीय नाव आम्ही ‘सिला सेराटा (फोर्स्कोल, १७७५)’ असे दिले आहे, तर ‘हा संदर्भ सूचीत नाही आणि मजकुरातील संदर्भात स्वल्पविराम चालत नाही’ असा शेरा आला. तिसरी शंका एका मराठी प्रबंधाची आहे. इंग्रजी निबंधात त्याचे शीर्षक कोणत्या लिपीत द्यावे?

तळटीप

सर्वप्रथम, त्या बिघडलेल्या फाईलमध्ये हाताने काहीही दुरुस्त करू नका. सात ठिकाणे दुरुस्त कराल आणि आठवे राहील. दुवा शाबूत असलेली प्रत हीच मूळ प्रत माना. वर्डच्या ‘रिव्ह्यू’मध्ये ‘कम्पेअर’ आहे. तिथे दोन्ही प्रती समोरासमोर ठेवल्या की मजकुरात काय बदलले ते दिसेल, आणि तेवढेच बदल जुन्या प्रतीत स्वतः टंकित करा. कम्पेअरने तयार होणारी तिसरी फाईल वापरू नका, तिच्यात संदर्भांचे दुवे गुंतू शकतात. काम दोन-तीन तासांचे आहे, पण खात्रीचे आहे.

आता मुंबई-बॉम्बेबद्दल. नियम सोपा आहे, पण भावनेच्या भरात तो विसरला जातो : संदर्भात नाव लिहायचे ते मुखपृष्ठावर छापलेले, आजचे नव्हे. शहराचे अधिकृत नाव १९९५ साली बदलले, विद्यापीठाचे १९९६ साली. म्हणून १९८८ चा प्रबंध ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’चा राहील आणि २००५ चा ‘युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’चा होईल; एकाच सूचीत दोन्ही आले तर ती चूक नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) तर आपल्या नावातले ‘बॉम्बे’ आजही ठेवले आहे. जर्नलला संक्षेप हवे असतील, तर ‘जे. बॉम्बे नॅट. हिस्ट. सोस.’ असा संक्षेप होतो. ‘नेचर’सारख्या एकशब्दी नावाचा मात्र संक्षेप करत नाहीत.

‘महाराष्ट्र, जी. ओ.’ हे गृहस्थ माझ्याही प्रबंधात राहून गेले होते. झोटेरो लेखकासाठी आडनाव आणि नाव असे दोन रकाने देते. संस्थेचे नाव तिथे गेले की शेवटचा शब्द आडनाव ठरतो. त्या ओळीच्या शेजारी एक छोटे बटण आहे, ते दाबले की दोन रकान्यांचा एक होतो आणि ‘गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र’ सलग राहते. दुरुस्ती नोंदीत करायची, वर्डमध्ये नाही.

लाटेक्सवाला

बिबटेक (लाटेक्समध्ये संदर्भसूची करणारी प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी : संस्थेच्या नावाला दुहेरी महिरपी कंस घातले की हाच प्रश्न सुटतो.

शिंपला

फोर्स्कोलची शंका माझ्या विषयातली आहे म्हणून लिहितो. प्रजातीच्या नावामागे येणारे लेखक आणि वर्ष दिसायला संदर्भासारखे असले, तरी ती नामकरणाची नोंद असते. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार लेखकाचे नाव हा प्रजातीच्या नावाचा भाग नसतो आणि ते देणे ऐच्छिक असते; मात्र निबंधात किमान एकदा द्यावे अशी शिफारस आहे. कंसालाही अर्थ आहे. फोर्स्कोलने ही चिंबोरी ‘कॅन्सर’ या वंशात (जीनसमध्ये) घातली होती, पुढे ती ‘सिला’त आली, म्हणून त्याचे नाव कंसात जाते. तेव्हा तो कंस जर्नलच्या शैलीसाठी काढायचा नाही आणि स्वल्पविरामही राहू द्यायचा. (फोर्स्कोल १७६३ मध्येच येमेनमध्ये वारला, पुस्तक त्याचा सहप्रवासी नीबूरने १७७५ मध्ये छापून घेतले. त्यामुळे साल चुकले नाही.)

सूचीत ते पुस्तक घालायचे की नाही, हे जर्नलवर अवलंबून आहे. वर्गीकरणाची काही जर्नले मागतात, परिसंस्थेवरची बहुतेक मागत नाहीत. उत्तरात दोन ओळी लिहा की ही नामकरणाची नोंद आहे, मजकुरातील संदर्भ नव्हे. त्याऐवजी एक गोष्ट मला तुमच्या निबंधात असायला हवी असे वाटते. ओळख कोणत्या आधारे पटवली? १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी ‘सिला’चे पुनरीक्षण करून चार प्रजाती वेगळ्या केल्या. त्याआधीच्या लेखांमधली ‘सेराटा’ ही आजची ‘सेराटा’च असेल असे नाही. तो संदर्भ सूचीत नसेल तर परीक्षक विचारणारच.

तळटीप

मराठी प्रबंधाचे राहिले होते. शीर्षक रोमन लिपीत लिप्यंतरित करा, त्याला लागून चौकटी कंसात इंग्रजी अनुवाद द्या आणि शेवटी मराठीत असल्याची नोंद करा. नुसता अनुवाद दिला तर ग्रंथालयाच्या सूचीत तो प्रबंध कोणाला सापडणार नाही.

खाडीकाठची

सर्वांची आभारी आहे. काल रात्री जुन्या प्रतीत बदल उतरवले, आणि कीनन यांचा लेख झोटेरोत असूनही मजकुरात कुठेच उद्धृत केलेला नव्हता हे तेव्हा लक्षात आले. तोही घातला. मॅडमना सांगितले, त्या हसल्या आणि म्हणाल्या की सहलेखकांना यापुढे पीडीएफच पाठवायची.

एकच विचारायचे आहे : जर्नलकडे दुवा तोडलेली प्रत पाठवावी का?

तळटीप

हो, पण आधी ‘सेव्ह ॲज’ करून. नावात ‘पाठवलेली’ आणि तारीख घाला. दुवा असलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. परीक्षकांनी चार संदर्भ वाढवायला सांगितले की तीच लागेल.