रॉयल नॅशनल पार्कमध्ये हेरिटेज नक्की कुठाय?

मिरजकर_सिडनी:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत आणि बाबांना इतिहासाचं भारी वेड. ऑफिसातला एकजण म्हणाला सिडनीजवळचं रॉयल नॅशनल पार्क दाखव, अमेरिकेतल्या यलोस्टोननंतर जगातलं दुसरं जुनं आहे, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल हेरिटेज लिस्टवर आहे वगैरे. आम्ही मुलांना घेऊन पार्कातल्या ऑडलीला जाऊन आलोय, जागा मस्तच आहे पण तिथे काय तर बंधारा, हिरवळ, भाड्याच्या बोटी, कॅफे आणि एक डान्स हॉल. यात हेरिटेज कुठलं? आणि ते दुसरं जुनं वगैरे खरं का? नीट सांगा कोणीतरी, बाबा प्रश्न विचारून भंडावून सोडतात.

बुशवॉकर_तात्या:
अहो तुम्ही पाहिलंत तेच तर हेरिटेज! १८७९ साली हे पार्क झालं तेव्हा जंगल वाचवायचं असं फारसं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. सिडनीत गर्दी, घाण, रोगराई वाढलेली, तर लोकांना श्वास घ्यायला शहराबाहेर जागा पाहिजे म्हणून इथले, म्हणजे न्यू साउथ वेल्सचे राजकारणी सर जॉन रॉबर्टसन यांनी हे पुढे रेटलं. पार्क चालवणाऱ्या ट्रस्टींना दिलेल्या अधिकारांत बागा, प्राणिसंग्रहालय, क्रिकेटची मैदानं, रेसकोर्स, एवढंच काय सैन्याच्या कवायती, सगळ्याला मुभा होती. ऑडलीची हिरवळ खारफुटी आणि चिखल काढून केलेली आहे, बाहेरची शोभेची झाडं आणून लावली, हरणं आणून सोडली आणि त्यांचे वंशज आजही तिथला झाडोरा खाऊन रेंजर लोकांना वैताग देतायत. १८८६ ला तर रेल्वेचा फाटाच थेट पार्कात आणला. म्हणजे नॅशनल पार्क ही कल्पना पिकनिक पासून सुरू झाली आणि हळूहळू जंगल राखण्याकडे गेली, तो सगळा प्रवास एकाच जागी दिसतो. माझ्या मते नंबर पहिला की दुसरा यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

नंबराचं म्हणाल तर यलोस्टोन १८७२ चं, पण मधे १८७५ ला अमेरिकेतच मॅकिनॅक झालं होतं, ते पुढे मिशिगन राज्याकडे गेलं म्हणून यादीतून गळलं. त्यामुळे आज टिकून असलेल्यांत दुसरं असं म्हणतात. बाबांना हे सांगा, खूश होतील. रॉयल हे नाव पण मागाहूनचं, १९५४ ला राणी एलिझाबेथ आल्या त्यानंतर १९५५ ला दिलं, तोपर्यंत नुसतं द नॅशनल पार्क.

नीरजा_के:
तात्या सगळं बरोबर पण १८७९ पासून गोष्ट सुरू केली की मला खटकतं. ती जमीन धरावल या मूळनिवासी लोकांची, त्यांना कोणी विचारलं होतं का? पार्काला लागूनच्या बुंदीना गावाजवळ जिब्बन पॉइंटला खडकावर त्यांची कोरीव चित्रं आहेत, देवमासा, कांगारू वगैरे, आता वरून बघायला मार्गिका केलीये म्हणजे पाय पडत नाहीत. माझ्यासाठी त्या पार्कातलं सगळ्यात मोठं हेरिटेज ते, डान्स हॉल वगैरे त्याच्या मागून.

आणि "हळूहळू जंगल राखण्याकडे" हे आपोआप नाही झालं हां. १९२० च्या दशकात ट्रस्टींनीच एका कोळसा कंपनीला हॅकिंग नदीच्या खोऱ्यात झाडं तोडू दिली होती, तेव्हा निसर्गप्रेमी मंडळींनी रान उठवलं. ट्रस्टींकडून कारभार जाऊन सरकारी नॅशनल पार्क्स सर्व्हिस आली ती १९६७ ला. आपल्याकडे ताडोबा १९५५ चं, म्हणजे बघा.

वसईवाला:
केबिन्स विसरलात काय? इरा, बर्निंग पाम्स या बाजूला समुद्राकाठी पत्र्या-लाकडाची घरं आहेत, बरीचशी १९३० च्या मंदीत आसपासच्या खाणकामगारांनी वगैरे स्वतः सामान वाहून नेऊन बांधलेली. पार्कवाल्यांना ती कित्येक वर्षं काढायचीच होती, शेवटी २०१२ ला राज्याच्या हेरिटेज रजिस्टरवर गेली 😄 नॅशनल पार्कात घरं हेरिटेज! आपल्याकडे असं झालं तर काय काय होईल विचार करतोय. नॅशनल लिस्टवर पार्क २००६ मध्येच आलं, त्यात झाडापेडांची, पक्ष्यांची विविधता पण धरलीये, नुसता इतिहास नाही. १९९४ च्या वणव्यात ९० टक्क्यांहून जास्त पार्क जळलं होतं आणि आज बघा काय फुलतं ते.

मिरजकर_सिडनी:
वा, मी तर बोटी मोजत बसलो होतो. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना काय झेपेल?

बुशवॉकर_तात्या:
कोस्ट ट्रॅक, म्हणजे समुद्राकाठची पायवाट, विसरा, २६ किमीच्या आसपास आहे. क्रोनुलापर्यंत ट्रेन, तिथून बुंदीनाची फेरी, आणि जिब्बनला सावकाश चालत, वाळूतून जरा दमछाक होते पण चढ फार नाही. हिवाळ्यात आलात तर तिथून देवमासे पण दिसतात. दुसऱ्या दिवशी लॉफ्टसचं ट्राम म्युझियम करा, त्यांची जुनी ट्राम पार्कातल्या त्याच बंद पडलेल्या रेल्वे फाट्यावरून जाते, फक्त रोज नसते, आधी वेळ बघून घ्या. आणि कोणी कितीही फोटो दाखवले तरी त्यांना फिगर एट पूल्सला (समुद्राकाठच्या खडकातली कुंडं) नेऊ नका, लाट आली की माणसं खडकावरून ओढली जातात.