द्रुतगती मार्गावर १५०-१६० ने गाडी चालवणे: खरा धोका वेगाचा, की इतर गोष्टींचा?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी आठवडाभर एक वाद चालू आहे आणि तो घरातल्या घरात मिटण्याची चिन्हे नाहीत, म्हणून येथे मांडतो. माझा पुतण्या कामानिमित्त आठवड्यातून तीनदा बडोद्याहून अहमदाबादला स्वतःच्या मोटारीने जातो. गेल्या रविवारी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. दुमाड चोकडी मागे पडून द्रुतगती मार्गाला लागलो आणि काही मिनिटांतच काटा १५० च्या पुढे गेला. महीच्या पुलानंतर तो १६० ला टेकलेला मी स्वतः पाहिला. मी बोललो काहीच नाही, पण दरवाज्यावरची मूठ जी धरली ती नडियाद मागे पडेपर्यंत सोडली नाही.

घरी आल्यावर विषय काढला, तेव्हा त्याने शांतपणे मला निरुत्तर केले. त्याचे म्हणणे असे, की वेगाने कोणी मरत नाही. माणसे मरतात ती उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीमुळे, दिवे न लावता कडेला उभ्या केलेल्या ट्रकमुळे, मोबाइलमुळे आणि झोपेमुळे. जर्मनीत कित्येक मार्गांवर वेगमर्यादाच नाही, तरी तेथे आपल्यासारखे मृत्यू होत नाहीत. सरकारी आकडेवारीत अतिवेगाचा वाटा एवढा मोठा दिसतो, तो पोलिसांना ते एक ठरलेले कारण लिहिणे सोपे जाते म्हणून.

मी बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. मला यातील निम्मे पटते आणि निम्मे पटत नाही, पण न पटणारे निम्मे नेमके कोणते ते सांगता येत नाही. २०२५ च्या होळीच्या रात्री आपल्या बडोद्यात, कारेलीबागेत, भरधाव मोटारीच्या धडकेने जे घडले ते आठवून मी त्याला भावनिक काही सांगू शकतो. तो ऐकूनही घेईल आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा १६० ने जाईल. म्हणून विनंती अशी, की उपदेश नको, कारणे हवीत.

फत्तेगंजचा

काका, पुतण्याची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, म्हणून मी घेतो. मीही हा मार्ग वर्षानुवर्षे वापरतो. मला भीती वाटते ती १२० ने शिस्तीत जाणाऱ्या मोटारीची नव्हे. भीती वाटते ती उजव्या लेनमध्ये ठाण मांडून ६० ने चालणाऱ्या ट्रकची. एका दिशेला दोनच लेन आहेत. त्यात ६० ने चाललेल्या ट्रकला दुसरा ट्रक ६२ ने ओलांडायला निघाला, की ते ओलांडणे जवळजवळ दोन किलोमीटर चालते आणि मागे आमची रांग लागते.

जर्मनीबद्दल तुमचा पुतण्या खरेच बोलतो आहे. तेथे मर्यादा नसलेल्या भागांतही १३० चा वेग शिफारस म्हणून १९७८ पासून सांगितलेला आहे, पण तो ओलांडणे हा स्वतःहून गुन्हा होत नाही. एका झेक उद्योजकाने २०२१ मध्ये बर्लिन-हॅनोव्हर मार्गावर आपली गाडी ४१७ पर्यंत पळवली, त्याची चित्रफीत जगाने पाहिली, चौकशीही झाली. पण सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. आणि त्या देशात रस्त्यांवर जे मृत्यू होतात, त्यांतील सर्वांत मोठा वाटा गावांना जोडणाऱ्या साध्या रस्त्यांचा असतो, ऑटोबानचा, म्हणजे तेथील द्रुतगती मार्गांचा, नव्हे. तेव्हा रस्ता, गाडी आणि शिस्त या तीन गोष्टी जमल्या, तर नुसत्या वेगाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

जुना सर्व्हेयर

दांडियाबाजारकर, मी विम्यासाठी अपघातग्रस्त वाहनांची पाहणी करण्यात आयुष्याची एकतीस वर्षे घालवली. आपल्या पुतण्याने जी यादी दिली, उलट दिशेची दुचाकी, उभा ट्रक, मोबाइल, झोप, ती अगदी खरी आहे. तिच्यातील एकही नाव मी खोडणार नाही. फक्त ही यादी तो वेगाच्या विरुद्ध पारड्यात टाकतो आहे, तेथे त्याची गफलत होते. दुसऱ्याने केलेली चूक आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये थोडी जागा आणि थोडा वेळ असतो. ती चूक दिसते, कळते, पाय ब्रेककडे जातो, गाडी थांबते किंवा बाजूला होते, आणि कोणाला कळतही नाही की काही घडणार होते. रोज अशा पन्नास चुका रस्त्यावर जिरून जातात. वेग वाढवणारा माणूस नवी चूक आणत नाही. त्या पन्नास चुका जिरवणारी जागा तो संपवून टाकतो.

आता हिशेब. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद, एवढे गृहीत धरू. ताशी १०० वर त्या दीड सेकंदात गाडी ४२ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ५६ मीटर, म्हणजे जवळजवळ ९८ मीटरवर थांबते. १४० वर तेच अंतर सुमारे १६८ मीटर आणि १६० वर २१० च्या आसपास होते, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पण पुतण्याला हे आकडे सांगू नका, पुढचा सांगा. १०० ने चाललेली गाडी ज्या जागी पूर्ण थांबते, त्याच जागी, त्याच क्षणी धोका पाहिलेली १४० ची गाडी अजून ताशी ११० च्या आसपास धावत असते. ब्रेक दाबूनसुद्धा. हे मला सर्व्हेयर होण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर मीही तरुणपणी काही गोष्टी केल्या नसत्या.

फत्तेगंजकरांचा ६२ ने ओलांडणारा ट्रक घ्या. तो लेन बदलण्यापूर्वी आरशात पाहतो, असे आपण उदारपणे मानू. त्याला २०० मीटर मागे एक मोटार दिसते. आरशातल्या ठिपक्यावरून ती १०० ने येते आहे की १६० ने, हे कोणालाही कळत नाही. तो सवयीने १०० धरतो. तसे असते तर ती त्याच्यापर्यंत पोहोचायला जवळजवळ एकोणीस सेकंद लागले असते. ती १६० ने असेल तर सात लागतात. तो बाहेर निघतो, आणि नंतर तक्रार अशी नोंदवली जाते की ट्रक अचानक आडवा आला. एकाची चूक दुसऱ्याच्या वेगाने घडवून आणलेली असते, आणि कागदावर दोन स्वतंत्र कारणे म्हणून लिहिली जाते. १६० ने जाणारा आपल्या कौशल्यावर विसंबतो ते ठीक, पण त्या ट्रकवाल्याचा अंदाज त्याच्या हातात नाही.

उभ्या वाहनाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पाहण्यासारखे मी तेथेच सर्वांत जास्त पाहिले. मोटारीचे पुढचे तोंड चेपले जाण्यासाठीच बनवलेले असते. धक्का ते खाते, आत बसलेला वाचतो. ट्रेलरचा मागचा पाट मात्र मोटारीच्या बॉनेटपेक्षा उंच असतो. मोटार त्याखाली घुसते, चेपायचा भाग जवळजवळ शाबूत राहतो आणि पहिला मार काचेला आणि छताच्या खांबांना बसतो. हे होऊ नये म्हणून ट्रेलरच्या मागे खाली एक आडवी पट्टी बसवलेली असावी लागते. मी हाताने हलवून पाहिल्या आहेत त्या पट्ट्या. कित्येक नुसत्या तारेने बांधलेल्या आणि गंजलेल्या, आणि त्यावरची लाल चमकपट्टी धुळीने मातकट झालेली. हा ट्रकमालकाचा दोष आहे, यात शंका नाही. पण डिपरवर मोटारीचा प्रकाश साधारण ५०-६० मीटरपर्यंत उपयोगाचा पोहोचतो, आणि ८० च्या वेगालाही थांबायला ७० मीटर लागतात. म्हणजे रात्री १६० ने जाणारा माणूस जेथे गाडी नेतो, ती जागा त्याने पाहिलेलीच नसते. एप्रिल २०२४ मध्ये याच मार्गावर नडियादजवळ बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली मोटार उभ्या अवजड वाहनावर मागून आदळून दहा जण गेले. त्या वेळी ती किती वेगात होती यावर मी बोलणार नाही, पण उभे वाहन काय करते ते त्यावरून कळावे.

आकडेवारीबद्दल पुतण्या अर्धा बरोबर आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू झाले आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के अतिवेगाखाली नोंदवले गेले. पंचनाम्यात ‘पूरपाट (म्हणजे भरधाव) वेगाने व बेदरकारपणे’ हे शब्द जवळजवळ छापलेलेच असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून ते ७१ टक्के मी शब्दशः घेत नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटना जो हिशेब सांगते, की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, तो आपल्या पोलिसांच्या कागदावर उभा नाही.

मांजलपूरची स्कूटरवाली

तुमची सगळी चर्चा द्रुतगती मार्गाची चालली आहे, जेथे आम्हा दुचाकीवाल्यांना प्रवेशच नाही. माझा प्रश्न त्या मार्गावरून उतरलेल्या माणसाचा आहे. तासभर १४०-१५० ने आलेल्याला ८० चा वेग रांगल्यासारखा वाटतो, आणि तो तसाच शहरात शिरतो. बडोद्याच्या अटल पुलावर रात्री साडेदहानंतर उभे राहून पाहा. मनीषा चौकाच्या बाजूने पूल चढताना पलीकडचे काही दिसत नाही, आणि तेथेच मागून येणाऱ्या गाडीचा आवाज आधी आणि प्रकाश नंतर येतो. माझ्या स्कूटरला आरसे दोन आहेत आणि मी दोन्ही वापरते, पण सर्व्हेयरकाकांनी लिहिलेली ती ठिपक्याची गोष्ट माझ्या बाबतीत रोज घडते, फरक इतकाच की मला पत्र्याचा आडोसा नाही.

जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर नऊ जण गेले, ते तर आधी झालेल्या अपघाताभोवती जमलेले लोक होते. भर रस्त्यात गर्दी करून उभे राहणे चूक होते का? होते. पण गाडी १४० च्या वर होती, आणि त्या चुकीला थांबून पाहायला कोणाला वेळच मिळाला नाही.

फत्तेगंजचा

सर्व्हेयरकाका, ट्रकच्या आरशाचा हिशेब मी कागदावर करून पाहिला आणि तो बरोबर निघाला, हे मान्य करतो. तरी एक मुद्दा सोडत नाही. सगळा भार वेगमर्यादेवर टाकला की बाकीच्यांना मोकळे रान मिळते. दरजीपुऱ्याला परवान्याच्या परीक्षेत आपण ८ चा आकडा काढतो, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलतो, रिव्हर्सने गाडी लावतो. १०० च्या वेगात लेन कशी बदलायची, पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे, हे कोणी विचारतही नाही. ते शिकायला माणूस थेट द्रुतगती मार्गावरच येतो. मर्यादेचेच म्हणाल तर केंद्राने २०१८ मध्ये अशा मार्गांसाठी मोटारींची कमाल मर्यादा १२० केली, म्हणजे ११० ने जाणारा गुन्हेगार नव्हे. अर्थात फलकावर कमी लिहिले असेल तर तेच पाळायचे. १६० चे समर्थन मीही करत नाही. आणि वेळ वाचतो किती, तर या ९३ किलोमीटरच्या मार्गाला १०० ने ५६ मिनिटे आणि १४० ने ४०. ती सोळा मिनिटे पुढे अहमदाबादला सीटीएमच्या चौकात सिग्नलला उभे राहून आपण परत करतो, हे मात्र खरे.

जुना सर्व्हेयर

परीक्षेबद्दल आपण लिहिले ते मला शंभर टक्के मान्य, आणि अंतराचा मुद्दा आपणच काढलात हे बरे झाले. दांडियाबाजारकर, पुढच्या वेळी पुतण्याशेजारी बसलात तर काट्याकडे पाहू नका. पुढची गाडी एखादा खांब ओलांडेल तेव्हा ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मनात मोजा. दुसरा आकडा पूर्ण होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोहोचलात, तर वेग कितीही असो, अंतर कमी आहे. आणि टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात तेही पाहा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हवा कमी असलेला जुना टायर मे महिन्यात १५० ने नेला, तर त्याच्या भिंती वाकून वाकून तापतात, आणि फुटताना तो आधी कळवत नाही.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा त्याच्याबरोबर गेलो होतो. ‘एक हजार एक’ पूर्ण होण्याआधीच खांब आला, तेव्हा काटा ११० वर होता, म्हणजे तो माझ्यामुळे सावकाश चालवत होता. मी मोठ्याने मोजले. दुसऱ्यांदा मोजताना त्याने न सांगता पाय उचलला आणि तिसऱ्यांदा दोन पूर्ण झाले. ट्रकच्या आरशाची गोष्ट त्याला मी आणंद येईपर्यंत सांगत होतो. त्यावर त्याने काही उत्तर दिले नाही, आणि तो उत्तर देत नाही तेव्हा त्याला ते पटलेले असते असा माझा त्याच्या लहानपणापासूनचा अनुभव आहे.

परत आल्यावर दोघांनी वाकून टायर पाहिले. पुढचे दोन २०२३ चे निघाले. मागच्या दोहोंवर ३११७ असे आकडे आहेत. मागचे दोन उद्या बदलायचे ठरले आहे. वेगाचे काय, असे विचारले तर अजून तरी ‘बघू काका’ एवढेच म्हणतो. सर्व्हेयरसाहेब, डिकीतल्या जादा टायरवर मात्र आकडे सापडलेच नाहीत. ते आतल्या बाजूला असतात का?