पावसाळ्यात डोंगरात जाताना अंगावर काय, सॅकमध्ये काय?

जून उजाडला की सह्याद्रीत निघणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: बूट कोणते, रेनकोट की पोंचो, जीन्स चालेल का? याद्या कुठेही मिळतात, पण अमुक वस्तू का घ्यायची आणि ती कशी भरायची हे त्यात नसतं. जाणकारांनी कारणासकट लिहावं, अशी नवख्यांची विनंती असते. म्हणून इथे कारणासकट लिहितो; कपड्यांपासून सुरुवात करतो.

जीन्स नकोच. सुती कापड पाणी धरून ठेवतं, जड होतं, गुडघ्याला चिकटतं आणि चढावर पाय उचलू देत नाही. पातळ पॉलिस्टर किंवा नायलॉनची पूर्ण लांबीची ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा ड्रायफिट टी-शर्ट घ्या. आतले कपडेही सुती नकोत, हे हमखास विसरलं जातं. मांड्या काचतात त्या बहुतेकदा ओल्या सुती शिवणीनेच. जांघेत आणि काखेत व्हॅसलीन घरून निघतानाच लावायचं. कातडी सोलवटल्यावर लावलं तर नुसती आग होते.

आता मुद्द्याचं. दिवसभर चालणारा माणूस भिजतोच, बाहेरून पावसाने नाहीतर आतून घामाने. तेव्हा भिजायचंच नाही हा हट्ट सोडा आणि एक जोड काही झालं तरी कोरडा राखा. तो मुक्कामावर पोचल्यावरच निघेल. सकाळी परत कालचाच ओला जोड अंगावर चढवायचा. पहिली दहा मिनिटं नको वाटतं, मग अंग तापतं. सकाळी मोहाने कोरडे कपडे घातले तर अर्ध्या तासात दोन्ही जोड ओले, आणि रात्री वाऱ्यात कुडकुडायची वेळ.

* * *

पोंचो सॅकसकट अंग झाकतो, खालून हवा खेळते, घाम कमी येतो. पायवाटेला, जंगलातल्या चालीला तो उत्तम. पण उघड्या माथ्यावर वारा सुटला की त्याचं शीड होतं. कळसूबाईच्या शिड्यांवर किंवा एखाद्या रॉकपॅचवर (हातापायांनी चढायच्या कातळटप्प्यावर) तो पुढे लोंबतो, पाऊल कुठे पडतंय तेच दिसत नाही. तिथे कमरेपर्यंतचं विंडचीटरसारखं जॅकेट बरं. घेताना जॅकेट उलटं करून बघा: आतल्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी खांद्याच्या शिवणीतूनच झिरपणार.

जॅकेटचं टोपडं नुसतं ओढून घेतलं तर पाणी थेट डोळ्यांत येतं, म्हणून त्याखाली पुढे कड असलेली टोपी (कॅप) घाला. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा.

मावळातली गुराखी मंडळी घोंगडीची खोळ घेऊन धो धो पावसात तासन्‌तास उभी असतात. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. मुक्कामासाठी पातळ लोकरी टोपी आणि लोकरी मोज्यांचा एक जोड त्याच कारणाने घ्यावा.

* * *

बुटांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पावसात सगळ्यात जास्त माणसं पायांमुळे अडकतात.

महागडे वॉटरप्रूफ बूट सह्याद्रीच्या पावसात फारसे कामाचे नाहीत. पहिल्याच ओढ्यात पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि बुटातला पाणी अडवणारा पडदाच ते बाहेर जाऊ देत नाही. मग दिवसभर पाय डबक्यात. त्यापेक्षा जाळीदार, पाणी निथळून जाणारा बूट चांगला. तळव्याचं रबर मऊ हवं: नख रोवून बघा, किंचित दबलं पाहिजे. कडक रबर ओल्या कातळावर काचेसारखं सरकतं. खाचा चारेक मिलिमीटर तरी खोल असाव्यात आणि एकमेकींपासून लांब, नाहीतर चिखल त्यांतच भरून बसतो.

मात्र हिरव्या-काळ्या शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही. तिथे पावलाची कड न लावता पूर्ण तळवा टेकवायचा, पाऊल छोटं ठेवायचं आणि खडबडीत दगड शोधायचा. आधाराला कारवी (डोंगरउतारावरचं झुडूप) धरायची तर हिरवी, बुंध्याशी, मूठभर. वाळकी कारवी हातात मोडून येते.

दुसरी गोष्ट माळ्यावरच्या बुटांची. बऱ्याच बुटांच्या तळव्यातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दोन-चार वर्षं दमट जागी पडून राहिला की तो आतल्या आत कुजतो. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि चढाच्या मध्यावर तळवा लोंबायला लागतो. म्हणून निघण्याआधी पंधरा दिवस बूट काढा, पाणी ओता, वाकवा, घालून दोनदा जिने चढा-उतरा. शिवाय दीड-दोन मीटर नायलॉनची दोरी सॅकमध्ये टाका. तळवा सुटलाच तर पंजावरून दोन वेढे आणि घोट्यामागून एक, एवढ्यावर गाव गाठता येतं.

मोजे तीन जोड, सिंथेटिक. दर विसाव्याला काढून पिळायचे. पायाची नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळंनिळं होतं. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला, पहिले बोळेच सगळ्यात जास्त पाणी ओढतात. बूट चुलीशी मात्र ठेवू नका, डिंक सुटतो.

* * *

सॅकचं रेनकव्हर पाणी थांबवतं हा गैरसमज आहे. ते फक्त बाहेरच्या बाजूने येणारा पाऊस अडवतं. मानेवर पडलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून खाली उतरतं आणि कव्हरच्याच तळाशी साठतं. कव्हरला खालच्या टोकाला भोक नसेल तर पेन्सिल जाईल एवढं पाडून घ्या.

खरं संरक्षण आतून. सॅकच्या दीडपट उंचीची जाड प्लास्टिकची पिशवी आत अस्तरासारखी लावायची आणि सगळं सामान तिच्यात भरायचं. वरचं तोंड पिळून दुमडायचं आणि रबराने बांधायचं, नुसतं दुमडून भागत नाही. कोरडा जोड त्या पिशवीतही वेगळ्या झिपलॉकमध्ये, हवा दाबून काढून. एका मोठ्या पुडक्यापेक्षा तीन छोटी बरी, एक फाटलं तरी दोन वाचतात. हेडटॉर्च, खाऊ, औषधं सगळ्यात वर, म्हणजे पावसात सॅक उपसावी लागत नाही. ओल्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी वेगळी.

* * *

भीमाशंकर, आंबोली, कोयनेच्या बाजूला जळवा असतात. पँट मोज्यात खोचा. मोज्यांवर, बुटांवर ओलं मीठ किंवा तंबाखूचं पाणी चोळा. ते पावसाने धुऊन जातं, तेव्हा दर तासाला परत. चिकटलीच तर ओढू नका: तिच्या निमुळत्या टोकाशी नख आडवं सरकवलं की सुटते, मग जाडं टोक. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळूच्या लाळेतलं हिरुडिन ते गोठू देत नाही. घाबरायचं काही नाही. धुवा, दाबून धरा, पट्टी लावा.

* * *

फोन भिजला तर बंद करा आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, खरं नुकसान तिथेच होतं. तांदळात पुरण्याने विशेष काही साधत नाही. कॅमेरा एसी गाडीतून थेट बाहेर काढला तर काचेवर धुकं धरतं; अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या.

* * *

पावसात तहान लागत नाही आणि माणूस पाणी पीतच नाही. दुपारी पायात गोळे येतात ते त्यामुळेही. दिवसाच्या चालीला दोन लिटर तरी प्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, चिमूट चिमूट नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. खायला दशम्या, कोरडी लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे. बिस्किटांचा लगदा होतो.

* * *

हे सगळं सह्याद्रीसाठी ठीक आहे. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी हिशेब बदलावा. घांगरियाचा मुक्काम सुमारे ३००० मीटरवर आहे. तिथला पाऊस बारीक पण गार, आणि कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्यामुळे कोरडे जोड दोन न्या, शिवाय फ्लीसचं (मऊ, ऊबदार सिंथेटिक कापडाचं) जॅकेट. पिसांचं जॅकेट ओलं झालं की ऊब देत नाही. ओढे कमी आणि वाट बांधीव, म्हणून इथे वॉटरप्रूफ बूट मात्र उपयोगी पडतात.

* * *

औषधांच्या डबीत एवढी भर घाला: पायाच्या चिरांसाठी अँटिसेप्टिक मलम आणि पाणी न शिरणाऱ्या चिकटपट्ट्या. वाट भातखाचरांतून जात असेल तर जखम उघडी ठेवू नका. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार अशाच पाण्यातून, चिरांवाटे शरीरात शिरतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर डॉक्टरांना ‘चिखलपाण्यातून चाललो होतो’ हे न विचारता सांगा. अंगावर कुठे जळल्यासारखी काळी खपली दिसली तर तीही दाखवा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असू शकते.