मदत हवी आहे: बडोद्यात तळमजल्यावर राहणारे आई-बाबा, विश्वामित्री नदी आणि तोंडावर आलेला पावसाळा

सर्वांना नमस्कार. विनंती मुख्यतः बडोदेकरांना आहे, पण सांगली, कोल्हापूर, चिपळूणकडच्या ज्यांनी घरात शिरलेलं पाणी पाहिलंय त्यांनीही जरूर लिहावं.

माझे आई-बाबा अकोट्याला, नदीपासून फार लांब नाही अशा तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. बाबा ऐंशीच्या पुढचे, आई थोडी लहान. तिचे गुडघे गेलेत, घरातल्या घरात वॉकर धरून फिरते, जिना चढणं तिला शक्य नाही. शिवाय मधुमेह, इन्सुलिन चालू. मी राहते वाघोडिया रोडला, म्हणजे नदीच्या पलीकडे. एरवी हे अंतर काहीच नाही, पण विश्वामित्री चढली आणि पूल बंद झाले की बडोद्याची दोन शहरं होतात आणि मी चुकीच्या शहरात अडकते.

ऑगस्ट 2024 बडोद्यातल्या कुणाला आठवण करून द्यायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. गोकुळाष्टमीच्या दिवशी धो धो पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी पावसाचा जोर कमी झाला आणि पाणी मात्र चढतच राहिलं. नदी पंचवीस-सव्वीस फुटांवर गेली की आपल्याकडे धोका मानतात, तेव्हा ती पस्तीस फुटांच्या वर गेली होती. एनडीआरएफ आली, लष्कराच्या तुकड्या आल्या. आमच्या घरात पलंगाच्या गादीपर्यंत पाणी होतं. आईला इमारतीतल्या पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, टॉर्चच्या उजेडात, पहिल्या मजल्यावर नेलं. वरच्या भाभींकडे शीतळा सातमीच्या गार जेवणासाठी केलेले थेपले आणि वडे भरपूर उरले होते, त्यावर सगळ्या जिन्याचं जेवण झालं. वीज नाही, मग फोनही बंद. मला हे सगळं कळलं ते पाणी उतरल्यावर. ते मधले दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही.

आता एक विनंती. "घर विका आणि वरच्या मजल्यावर फ्लॅट घ्या" हे कृपया सुचवू नका. तो विषय घरात बोलून झालाय, शांतपणे आणि भांडूनही. बाबांनी हे घर नोकरीतल्या पगारातून हप्ते भरून घेतलं. आईच्या सगळ्या मैत्रिणी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आता त्याच तिच्याकडे येतात. दुपारी चार बाया येऊन बसतात, मराठीत बोलतात, भाजी निवडतात. तळमजला आहे म्हणून येतात. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट असली तरी आईच्या वयाच्या बाया रोज चढून येणार नाहीत. तिचं दुखणं गुडघ्याचं आहे, पण एकटेपणाने ती जास्त लवकर खचेल असं मला मनापासून वाटतं. म्हणून ठरवलंय की ते तिथेच राहतील आणि मी त्या घराची तयारी करीन.

नदीचं पात्र खोल आणि रुंद करायचं मोठं काम 2025 च्या पावसाळ्याआधी झालं. त्याने फरक पडेल अशी आशा आहेच. पण त्या आशेवर आईला तळमजल्यावर झोपवायची माझी तयारी नाही.

मला सगळ्यात जास्त अडतंय ते हे: आईला वर न्यायचं कधी? ढग आले की दर वेळी हलवलं तर दुसऱ्या पावसात ती नाही म्हणेल. थांबलो तर परत टॉर्च आणि खुर्ची. जुनी माणसं कशावरून ठरवतात? शहराच्या वरच्या बाजूच्या आजवा सरोवराच्या पातळीवरून, पुलापाशी नदी किती फूट आहे त्या आकड्यावरून, की वरच्या भागातल्या पावसावरून?

दुसरं, घरात काय बदल करून घ्यावेत. पाणी आधी दारातून नाही, संडासातून आणि बाथरूमच्या जाळीतून वर आलं होतं. त्याला उपाय आहे का? विजेचे बोर्ड खाली आहेत, ते बदलायचेत.

तिसरं, इन्सुलिन. फ्रिज बंद पडला की काय करायचं?

आणि शेवटचं बाबांसाठी. ते शाळेत शिक्षक होते. त्यांच्या वह्या आहेत, भजनं, अभंगांचे अर्थ, बंदिशींची नोटेशन्स, सगळं शाईच्या पेनने लिहिलेलं. खालच्या कप्प्यातल्या वह्या भिजल्या, काही अजून चिकटलेल्या आहेत. ते रोज त्या काढून बघतात आणि परत ठेवतात. ह्यातलं काही वाचवता येईल का?

प्रतिसाद (बडोदे, कारेलीबाग)

ताई, आमचं घर 2019 लाही बुडलं आणि 2024 लाही, म्हणून सांगतो. बडोद्यातल्या पावसावर भरवसा ठेवू नका, म्हणजे तो थांबला म्हणून निश्चिंत होऊ नका. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते. हालोल, पावागढकडे पाऊस पडला की तो नंतर आपल्याकडे पोचतो. त्यात आजवा भरलेला असेल तर तिथलं पाणी सोडावंच लागतं. आजव्याच्या बासष्ट दरवाजांची पातळी पावसाळ्यात किती राखायची ते ठरलेलं असतं, 211 आणि 212 फूट हे आकडे तुम्ही पेपरात वाचले असतील. आजवा त्या पातळीला, प्रतापपुरा तलाव भरलेला आणि वर पाऊस चालू, हे तिन्ही एकत्र दिसलं की आम्ही पुलावरचा आकडा बघत बसत नाही, सामान उचलायला लागतो.

आकडे महापालिकेकडून दिवसभर मिळतात. आजवा, प्रतापपुरा आणि निरनिराळ्या पुलांपाशी नदी किती फूट आहे ते. तुमच्यासाठी अकोटा पूल आणि काळा घोडा हे दोन महत्त्वाचे. माझा नियम असा: आकडा किती आहे ह्यापेक्षा तासाला किती चढतोय ते लिहून ठेवा. दोन-तीन तास सलग चढत असेल आणि आजव्यातून सोडणं चालू असेल, तर उजेड असतानाच आईंना वर न्या. रात्रीवर टाकू नका. पाणी आलं नाही तर सकाळी खाली आणा, त्यात वाया काही गेलं नाही.

आणि ही वेळ आई-बाबांनी नाही, तुम्हीही नाही, वरच्या भाभींनी ठरवायची. त्या तिथे असतात. त्यांच्याशी आत्ताच बोला.

प्रतिसाद (चिपळूण)

जुलै 2021 नंतर आमच्या इमारतीत जे केलं ते लिहितो. संडासातून पाणी येतं कारण बाहेरची ड्रेनेजची लाइन तुंबून उलटी वाहते. घरातून बाहेर जाणाऱ्या पाइपवर, चेंबरच्या आधी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. प्लंबरला तसंच सांगा, त्याला कळतं. त्याचं झाकण वर्षातून दोनदा उघडून साफ करावं लागतं, नाहीतर ऐन वेळी कचरा अडकून तो बंद होत नाही. एक लक्षात ठेवा, व्हॉल्व्ह बंद झाला की तुमचंही पाणी बाहेर जात नाही, तेव्हा संडास वापरायचा नाही. तात्पुरतं म्हणून वाळूची पिशवी जाड प्लास्टिकमध्ये बांधून कमोडमध्ये आणि जाळीवर ठेवतात. पूर्ण थांबत नाही, वेळ मिळतो.

विजेचे बोर्ड आणि प्लग छातीच्या उंचीवर घ्या. तळमजल्याला वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि त्यावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). मीटर खाली असेल तर तो वर घेण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो, तो सोसायटीतर्फे करा, एकट्याने नाही. पाणी उतरल्यावर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय एकही बटण दाबायचं नाही.

जमिनीखालची पाण्याची टाकी विसरू नका. पुराचं पाणी त्यात जातंच. पूर्ण उपसून, घासून, क्लोरीन टाकून, परत रिकामी करून मगच वापरा. आमच्याकडे पुरापेक्षा नंतरच्या जुलाबांनी जास्त माणसं आजारी पडली. चिखल साफ करताना उघड्या पायांनी उतरू नये, पायाला जखम असेल तर अजिबात नाही. लेप्टोची (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) भीती असते. ताप आला तर पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

प्रतिसाद (बडोदे, फत्तेगंज)

विमा आत्ताच काढा. "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी एप्रिल 2021 पासून सामान्य विमा कंपन्यांकडे सुरू झाली. त्यात पूर येतो. घराचा विमा काढला की घरातल्या सामानाला त्याच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. फक्त सामानाचाही काढता येतो. पाणी यायला लागल्यावर काढून उपयोग नाही. सगळ्या खोल्यांचे, फ्रिज-टीव्हीच्या मागच्या नंबरांचे फोटो आज काढून तुमच्या फोनमध्ये ठेवा.

बाबांची गाडी असेल तर दोन गोष्टी. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघायची नाही. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर इंजिन जातं, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

मगरींचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 27 ते 29 ऑगस्ट 2024 ह्या तीन दिवसांत आपल्या वस्त्यांमधून चोवीस मगरी पकडल्या होत्या. पाणी उतरलं की मागचं अंगण, गाडीखालची जागा, जिन्याखालचा कोपरा लांबून टॉर्च मारून बघा. मगर दिसली तर वनखात्याला फोन करायचा, दार लावायचं आणि पोरांना दगड मारू द्यायचे नाहीत. तीही बिचारी वाट चुकून आलेली असते.

प्रतिसाद (सांगली)

मी बरीच वर्षं ग्रंथालयात काम केलं, त्यामुळे वह्यांचं सांगते. शाईच्या पेनने लिहिलेलं पाण्याने परत फुटतं. फोटो स्वच्छ गार पाण्यात धुतलेले चालतात, शाईच्या वह्या धुवायच्या नाहीत. तुमच्या वह्या आता वाळलेल्या आहेत, तेव्हा घाई नाही. चिकटलेली पानं नखाने किंवा सुरीने सोडवू नका. पातळ, गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी कडेने सरकवून बघा, सुटेल तेवढंच सोडवा, सुटत नाही तिथे थांबा. प्रत्येक सुटलेल्या पानाचा त्याच दिवशी फोटो. पानांवर काळे-हिरवे ठिपके असतील तर ती बुरशी आहे, मास्क घालून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका. बाबांच्या वयाला ती छातीत जाणं बरं नाही. उन्हात ठेवू नका, शाई उडते. इथून पुढे काही भिजलंच आणि लगेच बघायला वेळ नसेल, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेलं थांबून राहतं, नंतर सवडीने सोडवता येतं.

आणि एक सुचवू का? बाबांना अजून पाठ असेल ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. पुसलेल्या ओळी त्यांच्याशिवाय कुणाला भरता येणार?

प्रतिसाद (बडोदे, मांजलपूर)

इन्सुलिनबद्दल. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, ऊन आणि उष्णता लागू द्यायची नाही. न उघडलेला साठा फ्रिज बंद झाल्यावर मातीच्या मडक्यात ठेवा: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात डबीत इन्सुलिन. बर्फाला टेकवू नका, गोठलं तर फेकायचं. आईंचा प्रकार कोणता आहे त्यावर दिवस बदलतात, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद वरच्या भाभींकडे ठेवा. एक जादा कमोडची खुर्ची आणि वॉकरही त्यांच्याकडे आत्ताच ठेवून द्या. वर नेणं जमतं, पण मग रात्री बाथरूमला कसं जायचं ह्या काळजीने बायका नाही म्हणतात. माझी सासू ह्याच कारणासाठी खाली थांबली होती आणि ते तिने आम्हाला खूप नंतर सांगितलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मांजलपूरच्या ताई, तुमचं वाचून मी आईला सरळ विचारलं. तेच कारण होतं. दोन वर्षं मी समजत होते की तिला घर सोडवत नाही. कमोडची खुर्ची वर ठेवायचं म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मी जाईन, तुम्ही सांगाल तेव्हा."

भाभींशी बोलले. सोडलेल्या पाण्याचा आणि अकोटा पुलाचा आकडा त्यांचा मुलगा बघणार, उजेडातच हलवायचं हेही ठरलं. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन ह्या आठवड्यात येतायत. विम्याची चौकशी सुरू केली. बाबांनी पहिली वही स्वतः उघडली, प्लास्टिकची पट्टी घेऊन बसलेत, मला हात लावू देत नाहीत.

एकच राहिलं. दोघांनी धरून जिन्यावरून नेता येते अशी, पट्टा आणि मागे-पुढे दांडे असलेली रुग्णांची खुर्ची बडोद्यात भाड्याने किंवा जुनी विकत कुठे मिळते? अकोटा, जेतलपूर, अलकापुरीच्या बाजूला मिळाली तर उत्तम, कारण पूल बंद झाल्यावर माझ्याकडून ती पोचणार नाही.