नोकरी, निवृत्ती आणि लाकूडकाम : कोल्हापूरच्या हौशी सुतारांनो, अनुभव सांगा

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आहे. ५८ पूर्ण व्हायला आता फार दिवस उरले नाहीत. बरीच वर्षं रविवारी आणि सुट्टीला लाकूडकाम करत आले: पाट, चौरंग, पुस्तकांची मांडणी, भाचीच्या लेकराला पांगुळगाडा. सगळं हातानं, रंधा-करवत-पटाशीवर. ऑफिसात सगळे विचारतात, आता पुढे काय? मला पुढचे दिवस याच कामात घालवायचे आहेत आणि त्याची तयारी नीट करायची आहे.

म्हणून विचारते. तुम्ही पोटासाठी काय करता किंवा करत होता? त्या कामातलं काही हातात उतरलं का? निवृत्त झालेल्यांनी खास करून लिहा. वेळ पुरतो का, पेन्शनमध्ये सागवान परवडतं का, लोक पैसे द्यायला लागले तर घ्यावेत का? ग्रॅच्युइटी आली की मोठं कटर मशीन घ्यावं असं मनात आहे, त्यावरही बोला. नावं नकोत, काम आणि पेठ किंवा गाव पुरे.

पॅटर्नमेकर, उद्यमनगर (निवृत्त)

ताई, मी जन्मभर लाकडातच होतो, पण घरात एक स्टूलसुद्धा केलं नव्हतं. फाउंड्रीसाठी पॅटर्न करायचो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्या आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून अलगद काढला की पोकळी राहते, तीत रस ओततात. आता बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक. अ‍ॅल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, पोलाद जवळजवळ शंभराला दोन. म्हणून आमची पट्टीच वेगळी. बिडाच्या पट्टीवरचे १०० मिलिमीटर म्हणजे खरे १०१. शिवाय मशीनिंगला जादा माल ठेवायचा आणि उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा, नाहीतर पॅटर्न वर घेताना वाळू ढासळते. आतून पोकळ भाग असेल तर त्या पोकळीचा वाळूचा गाभा घडवायला साचा, म्हणजे कोअर बॉक्स, निराळी. ड्रॉइंग हातात आलं की आधी डोक्यात सगळं उलटं उभं करायचं, मगच लाकडाला करवत लावायची.

शेतीच्या ऑइल इंजिनांनी उद्यमनगरला दिवस दाखवले, मग गाड्यांचे भाग आले, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या वाढल्या. नग हजारोंनी निघायला लागले तसे अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न आले, पुढं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, आली. एकदोन नग ओतायचे असतील तर अजून लाकडी पॅटर्न परवडतो, पण त्याच्यावर कारखानाभर माणसं जगत नाहीत. मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या बाकावर तरुण पोरगा एकही नव्हता. त्याचं मला फार वाईट वाटतं, आजही.

पेन्शन विचारलीत. आमची ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. त्या पगाराला मर्यादा २०१४ पासून १५,००० ची, त्याआधी ६,५०० ची. म्हणजे हातात काय येत असेल ते तुम्ही लेखा विभागातल्या, तुम्हाला सांगायला नको. त्यातून सागवान घेणं होत नाही. मी फाउंड्र्यांनी निकालात काढलेले जुने पॅटर्न वजनावर घेतो. आत चांगलं मुरलेलं सागवान असतं. रंग खरवडायचा, डॉवेल (जोडाच्या खुंट्या) आणि खिळे काढायचे, कोपऱ्यांतली पुट्टी उडवायची. तुकडे लहान निघतात, त्यामुळे मी देव्हारे, डबे, पोथीची ठवणी असंच करतो. मशीनला जादा माल ठेवायची सवय मात्र जात नाही. अजूनही फळी मापापेक्षा जाड ठेवतो आणि शेवटी रंध्यानं उतरवतो. कधीतरी भंगारात स्वतःच्याच हातचा पॅटर्न सापडतो. तो मी कापत नाही.

स्टाफ नर्स, सरकारी रुग्णालय

निवृत्तीला अजून खूप अवकाश आहे. रात्रपाळी करून आलं की लगेच झोप लागत नाही, आणि त्या वेळी मशीनचा आवाज शेजाऱ्यांनाही नको आणि मलाही नको. म्हणून चाकूनं चमचे, उलथणी, पळ्या कोरते. पेरू, चिंच, आंबा, कुणी फांदी छाटली की मागून आणते. ओलं असताना कोरायचं, तेव्हा चाकू सहज चालतो. जाडसर आकार काढून कागदी पिशवीत सावलीत ठेवते, म्हणजे सावकाश वाळतो आणि चिरत नाही. फांदीचा मधला गाभा चमच्यात येऊ द्यायचा नाही, चीर तिथूनच जाते. शेवटी काचकागद आणि जवसाचं तेल.

वॉर्डात दिवसभर जे पाहते ते हात चालू असले की निवतं. एवढ्यासाठीच मी हे करते. हाताच्या जखमा रोज बघते म्हणून आवर्जून लिहिते: दुसऱ्या हातात जाड हातमोजा, आणि चाकूच्या वाटेत स्वतःचं अंग कधीच नको.

माजी सैनिक, गडहिंग्लज तालुका

रामराम. मराठा लाइट इन्फंट्रीत हुतो. आमच्यात निवृत्ती म्हातारपणी नसती. चाळिशीच्या आत घरी. पोरं लहान, पेन्शन चालू, अंगात रग तशीच. बँकेच्या दारात गार्डची नोकरी धरली, ती अजून हाय. संध्याकाळी आणि सुट्टीला लाकूड.

मी तालमीला करेल आणि जोडी, म्हंजे व्यायामाला फिरवायचे लाकडी मुदगल, करून देतो. बाभळीचं लाकूड, जड आणि चिवट. दोन्ही करेल मापाला सारखे असून भागत न्हाई, वजनाला सारखे लागतात. एकाच झाडाचा बुंध्याकडचा तुकडा आणि शेंड्याकडचा तुकडा वजनाला एक भरत न्हाई. म्हणून एकाच ओंडक्यातनं शेजारी शेजारी काढायचे आणि ताजव्यावर घालत घालत उतरवायचे. ज्यो जड भरंल त्याच्या पोटाला रंधा. मुठीला पॉलिश अजिबात लावायचं न्हाई, घामानं निसटतंय. नुसतं तेल.

गार्डच्या नोकरीत दिवसभर उभं राहायचं आणि काय घडू नये म्हणून बघायचं. काय घडलं न्हाई तर काम झालं. घरी आल्यावर हाताखाली काय तरी घडतंय हे बघायला लई बरं वाटतंय. तालमीकडनं पैसे घेत न्हाई, त्याच मातीत मोठा झालो. शहरातला कोण जिमवाला आला तर मोजून घेतो. ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ह्येच. कुणाकडनं घ्यायचे आणि कुणाकडनं न्हाई, ते आधी ठरवून ठेवा.

बँकेतून व्हीआरएस, शाहूपुरी

२००१ च्या सुमारास सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली तेव्हा मी ती घेतली. पंचाहत्तरी जवळ आली आहे, म्हणजे पगारापेक्षा लाकडाचीच वर्षं आता जास्त व्हायला आलीत. मी नवीन काही करत नाही. जुनं फर्निचर दुरुस्त करतो. वेताच्या खुर्च्या, आरामखुर्च्या, आजोबांची लिहायची डेस्कं.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराबद्दल लिहितो, कारण ते लिहून ठेवायला हवं आणि पुढच्या वेळी कुणाच्या तरी कामी येईल. पंचगंगेचं पाणी आमच्या भागातल्या घरांत शिरलं. उतरल्यावर लोकांनी सगळं फर्निचर रस्त्यावर आणून टाकलं. प्लायवूडचे पदर सुटले होते, भुशाच्या बोर्डाची कपाटं फुगून गेली होती, त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. पण त्याच ढिगात जुनी सागवानी टेबलं, शिसवी खुर्च्या फेकलेल्या होत्या. त्या मी आणि गल्लीतल्या पोरांनी ओढून बाजूला काढल्या.

पहिलं काम म्हणजे चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुणं. तो एकदा सांध्यात सुकला की निघत नाही. दुसरं, उन्हात ठेवायचं नाही. लोक घाईनं गच्चीवर नेतात, वरचा भाग भरभर वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी चिरते. सावलीत, वारा खेळेल असं, खाली पट्ट्या देऊन उभं करायचं. ड्रॉवर फुगून अडकलेले असतील तर ओढायचे नाहीत, वाळल्यावर आपोआप सुटतात. बुरशी आली तर ब्रशनं काढायची. जुनं काम सरसानं चिकटवलेलं असतं, आणि सरस पाण्यात सुटतो. त्यामुळे खुर्च्यांचे सांधे खिळखिळे झाले होते, ते पाहून घरातल्यांना वाटलं खुर्ची गेली. उलट ते सोयीचं असतं. सांधा न मोडता उघडतो, साफ करायचा, पुन्हा चिकटवायचा, क्लॅम्प लावायचा. त्या पावसाळ्यानंतरचे कितीतरी महिने मी तेच केलं. पूरग्रस्त घरांकडून मजुरी घेतली नाही.

एरवी घेतो. आणि नीट घेतो. बँकेत आयुष्य काढलं, हिशेब आवडतो मला. लाकडाचे वेगळे, कामाचे वेगळे, वहीत लिहून. फुकट करून दिलं की लोक वस्तूची किंमत ठेवत नाहीत असा माझा अनुभव आहे. तालमीची गोष्ट वेगळी, तिथं सैनिकदादांचं बरोबर आहे.

लाकडासाठी एक सुचवतो. पेठांमधले वाडे पडतायत. पाडकामाच्या तुळया, खांब, चौकटी विकत मिळतात. वाळवी बघा, टोकं बघा, जमिनीत किंवा भिंतीत गाडलेला भाग आधी कुजतो. तारेच्या ब्रशनं माती काढा, मोठ्या लोहचुंबकानं खिळे शोधा, मगच कापायला द्या. अंबाबाईच्या गरुड मंडपाचे सागवानी खांब आणि कमानी ज्यांनी डोळे भरून पाहिल्यात त्यांना जुन्या सागाबद्दल मी वेगळं सांगायला नको.

सॉफ्टवेअर, राजारामपुरी

काकांचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. वय तेहतीस, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. कॉफी टेबलं करायचो, मित्रांनी मागितली, मग मित्रांच्या मित्रांनी. ऑर्डर आली की तारीख येते, तारखा मला नोकरीत पुरेशा आहेत. शनिवारी सकाळी लाकडाजवळ जायचं आणि तिथंही कुणाचा तरी मेसेज वाट बघत असायचा. मी ऑर्डर घेणं बंद केलं. आता जे करतो ते भेट देतो किंवा ठेवून घेतो. पेन्शन नावाचा प्रकार आमच्या पिढीला नाही, जे साठेल ते साठेल, तरीही हा एक कोपरा कमाईपासून लांब ठेवायचा हे मी पक्कं केलंय.

फ्लॅटमध्ये करणाऱ्यांसाठी: भुसा हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या यादीत घातलेली आहे. पॉलिश पेपर मारताना चांगला मास्क, आणि घरात लहान मूल असेल तर ते काम गच्चीवर.

भौतिकशास्त्राचा प्राध्यापक

साठीपर्यंत शिकवायचं आहे. मी रविवारी मिरजेला जातो, सतार-तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडे बसतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुनीचं लाकूड, पंढरपूरकडचे भोपळे. मला ओढ जवारीची, म्हणजे तारेच्या त्या गुंजणाऱ्या नादाची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी मंद उतरता घासलेला असतो. तार थरथरताना त्याला हलकेच शिवत जाते आणि वरचे स्वर उमलतात; तंबोऱ्यात खाली सुताचा धागा सरकवून ते जुळवतात. सी. व्ही. रामन यांनी यावर १९२१ च्या सुमारास लिहिलं. वर्गात समीकरण मांडता येतं. कारागीर कानसेचा एक हात फिरवतो, तार छेडतो, परत फिरवतो, आणि तिथं मी विद्यार्थी असतो. निवृत्तीनंतर एक तंबोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करायचा आहे. त्यासाठी लागणारं लाकूड आत्ताच घेऊन टोकांना मेण लावून ठेवलंय, नोकरी संपेपर्यंत तेही मुरेल.

आणि एक. नोकरी एक आणि हातात दुसरंच, हे कोल्हापूरला नवीन नाही. इथले चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी १९१८ मध्ये चित्रपटाचा कॅमेरा इथंच, स्वतः तयार केला.

पुन्हा मी, लेखा विभाग

सगळं दोनदा वाचलं. पैशांबद्दल तुमचं एकमत नाही हे बरंच झालं, मला दोन्ही बाजू पटल्या. सध्या तरी ठरवते की पाट आणि चौरंग विकेन, पांगुळगाडे नाही. पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण मिळतं, म्हणजे तेवढ्या भागाची एकरकमी रक्कम आधीच हातात येते, त्यातून मशीन घ्यावं असं घरचे म्हणतात. पण ती कपात १५ वर्षं पेन्शनमधून होत राहते, म्हणून हात थबकतो.

पॅटर्नमेकर, उद्यमनगर

ताई, मशीन घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर तरी. फळ्या वखारीतच चिरून, जाडी काढून मिळतात, त्याचे पैसे किरकोळ. त्यापेक्षा एक चांगला बाक करून घ्या. जड, आपल्या उंचीचा, शिकंज्यासकट. माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त काम त्यानं दिलंय. लाकूड माझ्याकडं आहे: एका मोठ्या बेडप्लेटचा, म्हणजे यंत्राच्या बैठकीचा, पॅटर्न, बाकाचा वरचा फळा होण्याइतका सरळ. उंची कळवा, मनगटापासून जमिनीपर्यंत मोजून.